भोंगा आणि कंप्रेसर

६ फेब्रुवारी १९७७, रविवार

घेतला! लाल रंगाचा, दोन चाकांचा, कोरा करकरीत. बुधवारी घरी येईल.

येहुदाला घेऊन पेताह तिक्वाला गेलो होतो. एअरपोर्टच्या वर्कशॉपात कंप्रेसर तोच सांभाळतो, म्हणून. मी तिथंच स्टोअरमध्ये — नटबोल्ट काढून देतो, सही घेतो. मुंबईला नागपाड्याच्या गॅरेजात मी गाड्या रंगवत होतो हे इथं कुणाला ठाऊकसुद्धा नाही. या देशात आल्यापासून हातात स्प्रे गन धरली नाही; आता या कंप्रेसरच्या हवेवर पुन्हा रंगवीन.

दुकानात दोन मशीनं दाखवली. एक जुन्या पद्धतीचं — मोठी टाकी, पट्ट्यावर चालणारं, संथ. शेजारी उभं राहून बोलता येत होतं. दुसरं हे लाल. पट्टाबिट्टा नाही, मोटर थेट पिस्टनला जोडलेली, टाकी लहान. चालू केलं तर दुकानदाराच्या टेबलावरचा चहाचा ग्लास चालायला लागला!

येहुदा म्हणाला, "एफ्राइम, मोठं घे. टाकी मोठी असली की मशीन भरून थांबतं, दम खातं. हे लहान सारखं धावत राहणार. आणि आवाज ऐक ना बाबा!"

दुकानदारही तेच सांगत होता. दोघं मिळून मला शिकवायला लागले, तेच मला लागलं. "मी आयुष्यभर हेच काम केलंय!" असं हिब्रूत मोठ्यानं म्हणालो — शब्द कुठंतरी चुकला, दुकानदार हसला. मग तर लालच घ्यायचा ठरवला. स्वस्त होता हे खरं. पण घेतला तो ताठ्यानं. इथं लिहायला काय हरकत आहे.

९ फेब्रुवारी, बुधवार

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. ऑइल भरलं, पातळी काचेतून दोनदा बघितली, बटण दाबलं. डिना स्वयंपाकघरातून धावत आली — "अहो, कपाटातल्या बश्या नाचतायत!"

शेडची भिंत आणि शेजारच्या शुलाबाईंच्या खोलीची भिंत, मध्ये जेमतेम हातभर जागा. ही बगदादची माणसं. त्यांचा एकुलता एक यिगाल त्र्याहत्तरच्या लढाईत कालव्यावर मारला गेला. तेव्हापासून बाई घराबाहेर फारशा पडत नाहीत. नवरा मिखाएल नगरपालिकेच्या बागांत काम करतो. विचारून घ्यावं म्हणून त्यांच्याकडे गेलो. मिखाएल म्हणाला, "दिवसा करा. दुपारी झोपेच्या वेळेला नको." बाई त्याच्या मागे उभ्या होत्या.

२० फेब्रुवारी

टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडलं. कपभर तरी निघालं — गंजाच्या रंगाचं. हवेत एवढं पाणी असतं! रोज सोडायला हवं.

१३ मार्च, रविवार

रोज सोडलं नाही. सारितची सायकल निळी करायला घेतली आणि मधेच गन थुंकली! ओल्या रंगावर पाण्याचे फोड. सगळं घासून काढलं, नळीच्या तोंडाशी पाणी धरणारा फिल्टर लावला, दुसऱ्यांदा मारला.

पण दुसऱ्यांदा जमला! मनगट विसरलेलं नाही. कडेपासून सुरू, कडेच्या बाहेर संपव, मधे थांबायचं नाही. सायकल आरशासारखी. सारित हिब्रूत म्हणाली, "अब्बा, तुला हे येतं?" आमच्या घरात बापाचं कौतुक क्वचितच होतं. म्हणून लिहून ठेवतो.

१८ एप्रिल, सोमवार

स्टेशनजवळच्या फलाफलवाल्या — चण्याचे वडे विकणाऱ्या — हिलेलची हातगाडी रंगवायला आली आहे. हिरवी-पांढरी हवी. परवा संध्याकाळी स्वातंत्र्यदिनाची गर्दी रस्त्यावर उतरेल, त्याच्या आत हवीच. मी म्हणालो, परवा सकाळ तर शहिदांच्या दिवसाची; भोंगा वाजला की सबंध देश दोन मिनिटं जागच्या जागी उभा राहतो. तो म्हणाला, "भोंग्याची दोन मिनिटं सोडली तर काम करायला कोण अडवतंय?" परवा माझी रजाच आहे. हो म्हटलं.

१९ एप्रिल

शहिदांच्या दिवसाचा आदल्या संध्याकाळचा भोंगा झाला. आम्ही तिघं दारात उभे. शुलाबाईंच्या खिडक्या बंद, सगळ्या झडपा खाली.

२० एप्रिल, बुधवार

आज लिहवत नाही.

२१ एप्रिल, गुरुवार

लिहितो. कुणाला तरी सांगितलं पाहिजे.

काल सकाळी लौकर शेडमध्ये गेलो. भोंग्याच्या आधी थांबायचं हे डोक्यात होतं — देवाशपथ होतं! घड्याळ रंगानं खराब होऊ नये म्हणून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, सदरा बाहेर खिळ्याला. कानांवर एअरपोर्टचे, आवाज अडवणारे टोप. हिरवा हात झाला, वाळला, पांढरा सुरू केला. हात चांगला चालला होता. गाडीची चारी अंगं, फळ्या, चाकांच्या कडा. टाकी लहान, त्यामुळं मशीन एकदासुद्धा थांबलं नाही. थांबलं असतं तर भोंगा कळला असता. मोठं घेतलं असतं तर थांबलं असतं.

रंगाच्या वासानं डोकं जड झालं म्हणून दार ढकलून बाहेर आलो, टोप काढले.

रस्त्यात बस उभी. ड्रायव्हर खाली, उतारू खाली. समोरचा वाणी दुकानाच्या पायरीवर. दोन शाळकरी पोरी दप्तरं पायाशी ठेवून. सगळ्यांच्या माना खाली, कुणी हलत नाही. भोंगा अजून चालू होता आणि माझ्या पाठीमागं मशीन बोंबलत होतं.

मला सुचेना! आत पळून बटण बंद करावं, तर भोंगा चालू असताना मी हललो असं होणार. उभं राहावं तर मशीन चालूच. गन हातात धरून तसाच उभा राहिलो. गनच्या तोंडातून पांढरा रंग ठिबकून बुटावर पडत होता.

मग भोंगा उतरत उतरत संपला. आणि माझं मशीन एकटं चालत राहिलं. सबंध गल्लीत तेवढाच आवाज!

माणसं हलली. एकूण एक माणूस आमच्या शेडकडे बघत होता. वरच्या मजल्यावरची ओरा खिडकीतून ओरडली, "लाज नाही? त्या बाईच्या भिंतीला लागून! ती एकटी आहे आत!" तेव्हा डोक्यात शिरलं. मिखाएल सकाळी कबरस्तानात जातो. बाई जात नाहीत. बाई घरात होत्या.

मी बटण बंद केलं. डिना दारात होती. आत निघून गेली.

दुपारी हिलेल आला. "दोन मिनिटं थांबता येत नव्हतं?" म्हणाला. रंग पुरता वाळला नव्हता, तरी गाडी घेऊन गेला.

सारित शाळेतून आली तोवर तिला वाटेतच कळलं होतं. मी मराठीत सांगत होतो, ती हिब्रूत उत्तर देत होती. "पुढच्या वर्षी मी सैन्यात जाणार. माझ्यासाठी भोंगा झाला तर तेव्हाही रंगवत बसशील?" डिना म्हणाली, "गप! असलं बोलू नये!" पण माझ्या बाजूनं ती काही बोलली नाही.

२४ एप्रिल, रविवार

माफी मागायला गेलो. काय बोलायचं ते हिब्रूत पाठ केलं होतं. मिखाएलनं दार अर्धंच उघडलं. पाठ केलेलं सगळं उडालं. "मी ऐकलं नाही. कानावर होतं," एवढंच म्हणालो, कानावर हात ठेवून दाखवलं — एखाद्या खुळ्यासारखं!

तो म्हणाला, "आज नको." दार लावलं. रागानं नाही. हळूच.

३० एप्रिल, शनिवार

सिनेगॉगमध्ये आपलीच माणसं. तरी बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बाहेर आल्यावर येहुदा म्हणाला, "एफ्राइम, तुझ्या एकट्याचं असतं तर निभलं असतं. आता बसमध्ये म्हणतात, होदी लोकांना, हिंदुस्थानातून आलेल्यांना काय कळणार! आपल्याला यहुदी म्हणायला यांनी किती वर्षं लावली, विसरलास?"

विसरलो नाही. म्हणून तर मान वर होत नाही.

१३ मे

कंप्रेसरवर गोणपाट टाकलं. शेडला कुलूप.

३ जुलै, रविवार

येहुदा आला होता. माझ्यासाठी नाही, मशीनसाठी! "बंद ठेवलं की आत गंज चढतो, व्हॉल्व्ह चिकटतात. चालव नाहीतर विकून टाक." विकायला निघालो तर लोक विचारतील, का विकतोस? मग तेच सगळं पुन्हा.

गोणपाट काढलं. टाकीतून लाल पाणी निघालं. ऑइल दुधासारखं झालं होतं. बदललं. मग मनात आलं, आवाजच कमी करता आला तर? चाकं काढून खाली रबराचे जाड तुकडे दिले. भोवती प्लायवुडची पेटी करतो आहे, आतून जुन्या गादीचा कापूस. हवा ओढायला लांब नळी, तिचं तोंड शुलाबाईंच्या भिंतीपासून दूर, रस्त्याच्या बाजूला.

डिना बघून म्हणाली, "आता काय उपयोग?" तिचं बरोबर आहे. पण हात थांबत नाहीत.

२१ जुलै

पेटी झाली. शेडच्या बाहेर उभं राहिलं तर दूर कुठंतरी पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. गरम होतं, म्हणून झाकणाला भोकं पाडली. शुलाबाईंच्या खिडकीखाली जाऊन ऐकलं — नीटसं ऐकू येत नाही! एवढा आनंद झाला की कुणाला सांगावं कळेना. सांगण्यासारखं कुणी नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

उद्या संध्याकाळी किप्पुर, प्रायश्चित्ताचा उपास, लागतो. त्याच्या आत माणसाची माफी माणसाकडेच मागायची असते. आणि शेजारच्या घरात हाच दिवस सगळ्यात वाईट — लढाई याच दिवशी लागली. तरी गेलो.

मिखाएलनं या वेळी आत बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर यिगालचा फोटो. कान थोडे पुढं आलेले, पोरसवदा. मी सांगितलं, मशीनला पेटी केली आहे, आता आवाज येत नाही. मिखाएल म्हणाला, "हो, कळलं आम्हाला." मग म्हणाला, "माझ्यापुरतं मी माफ केलं. तिच्या वतीनं मला बोलता येत नाही."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. ते उघडलं नाही.

१४ फेब्रुवारी १९७८

सारित सैन्यात गेली. बसमध्ये चढताना मला मिठी मारली, पण बोलली डिनाशी.

७ मे, रविवार

आज शुलाबाई शेडमध्ये आल्या!

डिना बाजारात गेली होती. मी फिल्टर धूत बसलो होतो. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर उभ्या. मी उठलो, हातातला फिल्टर खाली पडला. शिव्या देतील, द्याव्यात, असं मनात आलं. बुधवारी तो दिवस पुन्हा येतो आहे — यहुदी पंचांगाप्रमाणे या वर्षी मे महिन्यात.

त्यांनी पेटीकडे बघितलं. "हे काय?"

"आवाज कमी व्हावा म्हणून. तुमच्यासाठी."

"काढता येते?"

मला वाटलं हिब्रू मला नीट कळलं नाही. "काढता?"

"बुधवारी सकाळी काढा. आणि मशीन चालवा. भोंग्याच्या वेळेला."

शुलाबाई रंगाच्या डब्यावर बसल्या. हळूहळू बोलल्या, मला समजावं म्हणून सोपे शब्द घेऊन.

"त्या किप्पुरला तो घरी होता. आतल्या खोलीत झोपला होता, मी त्याच्या अंगावर चादर टाकली. मग भोंगा झाला. उठला, बुटाचे बंद बांधले, मला म्हणाला, अम्मा, संध्याकाळपर्यंत कळेल काय ते. आणि गेला. तेव्हापासून तो भोंगा झाला की मला दुसरं काही होत नाही — तो बूट बांधतो. दोन मिनिटं तो बूट बांधत राहतो, आणि मी त्याला थांबवत नाही."

मी खाली पडलेला फिल्टर उचलून हातात धरला.

"आदल्या संध्याकाळी मिखाएल घरी असतो. दोन्ही हातांनी माझे कान दाबून धरतो. सकाळी तो कबरस्तानात जातो. दर वर्षी मी उशीत डोकं घालते, न्हाणीघरात नळ सोडून बसते. ऐकू येतंच. गेल्या वर्षी आलं नाही. तुमचं मशीन चालू होतं. ते थांबलं तेव्हा मला कळलं की वेळ होऊन गेली!"

"मग गेलं वर्षभर —" मी म्हणालो.

"सांगायला हवं होतं. लोक तुम्हाला बोलत होते, मी भिंतीआडून ऐकत होते. पण सांगू काय? शहिदाच्या आईला भोंगा नको आहे? मिखाएलला तो हवा असतो. त्या दोन मिनिटांत सगळा देश त्याच्या मुलासाठी उभा आहे असं त्याला वाटतं. त्याचं ते मी कसं काढून घेऊ?"

मी म्हणालो, चालवतो. लगेच म्हणालो.

त्या उठल्या. "कुणाला सांगू नका. तुमच्या बायकोलाही नको. ती तुमची बाजू घ्यायला ओराला सांगेल, ओरा मिखाएलला सांगेल. लोक पुन्हा बोलतील, या वेळी जास्त बोलतील. मी काय मागते आहे ते मला कळतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"नाही म्हणत नाही," मी म्हणालो.

जाताना त्यांनी पेटीवर हात ठेवला. "चांगली केली आहे," म्हणाल्या.

८ मे

डिना सकाळी म्हणाली, "अहो, बुधवारी शेडला कुलूप घाला हं. किल्ली माझ्याकडे द्या."

मी म्हटलं, घालीन. तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. निदान तोंडावर तरी नाही.

आणि सारित? तिच्या तळावर ती युनिफॉर्ममध्ये ताठ उभी असेल. तिला कुणीतरी कळवणारच — तुझ्या बापानं पुन्हा केलं. ती हिब्रूत काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतं आहे.

९ मे, मंगळवार

दुपारी पेटी उचलून बाजूला ठेवली. रबर काढलं. ऑइल बघितलं, टाकीतलं पाणी सोडलं. टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं, तसं उद्या होता कामा नये. खालचा कॉक थोडा उघडा ठेवायचा — हवा निसटत राहील, मशीन धावत राहील. करून बघितलं. थांबत नाही.

संध्याकाळचा भोंगा. दारात उभा होतो. शुलाबाईंच्या झडपा खाली.

१० मे १९७८, बुधवार

भोंग्याच्या जरा आधी बटण दाबलं. रंगवायला काही नव्हतं. मशीनजवळ हात खाली सोडून ताठ उभा राहिलो. घड्याळ हातावर होतं.

खिडक्या उघडल्या असाव्यात. कुणीतरी पत्र्यावर दगड मारला. मग दार उघडलं आणि डिना आत आली. काही ओरडली, ते ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघितलं, रिकाम्या गनकडे बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मी लिहीत नाही. मी हललो नाही.

भोंगा मला अजिबात ऐकू आला नाही. म्हणजे शुलाबाईंनाही नाही.